शब्द एक सांगतात, चित्र दुसरेच

आजारपणावरच्या ग्राफिक नॉव्हेलचा, म्हणजे चित्रकथेच्या रूपातल्या पुस्तकाचा, विषय निघाला की 'अवघड विषय चित्रांमुळे सोपा होतो' हे वाक्य हमखास ऐकू येते. हे कौतुक मला पटत नाही. सोपे करून सांगणे हे माहितीपत्रकाचे काम आहे. तिथे 'गोळी जेवणानंतर घ्यावी' असे छापलेले असते, शेजारी ताट आणि गोळी काढलेली असते, आणि शब्द व चित्र एकमेकांची री ओढत राहतात. या पुस्तकांतल्या चांगल्या पानांवर मात्र शब्द एक सांगतात, चित्र त्यांना जुमानत नाही, आणि आजारी माणसाचे किंवा त्याच्या घरच्यांचे खरे म्हणणे त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकलेले असते.

स्विस चित्रकार फ्रेडरिक पीटर्स यांचे 'ब्ल्यू पिल्स' हे पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये २००१ साली आले. त्यात निवेदकाची जोडीदार आणि तिचा लहान मुलगा दोघेही एचआयव्हीबाधित आहेत, आणि स्वतःला लागण झाली असेल या धास्तीने निवेदक डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर त्याला सांगतात, की ती शक्यता बाहेर पडल्यावर पांढरा गेंडा समोर उभा राहण्याइतकीच आहे. वाक्य धीर देणारे आहे, थोडे गमतीचेही आहे, आणि गद्यात ते तिथेच संपले असते. चित्रकथेत मात्र एकदा उच्चारलेला गेंडा रेखाटताही येतो, आणि पीटर्स तो रेखाटतात. 'गेंडा नाही' असे लिहिणे सोपे असते. 'गेंडा नाही' हे चित्रात दाखवायचे तर आधी गेंडाच रेखाटावा लागतो. डॉक्टरांनी 'जवळजवळ नाहीच' या अर्थाने वापरलेला प्राणी पानावर चांगला चार पायांवर उभा राहतो. शक्यता नगण्य आहे हे डोक्याला पटलेले असतानाही भीती जशी शेजारी येऊन बसते, ते याहून नेमके कसे सांगता आले असते, मला सुचत नाही.

फ्रेंच चित्रकार डेव्हिड बी. यांनी १९९६ ते २००३ या काळात सहा खंडांत आपल्या भावाच्या अपस्माराची कथा सांगितली. हा आजार तिथे सापासारख्या, ड्रॅगनसारख्या प्राण्याच्या रूपात येतो आणि भावाभोवती वेढे घालतो. मला यातली वाटणी महत्त्वाची वाटते: एका उपचाराकडून दुसऱ्याकडे होणारी कुटुंबाची धावपळ शब्द सांगतात, आणि त्या धावपळीत जे हाती लागत नाही ते काळ्या-पांढऱ्या रेषांत वळवळत राहते. (अर्थात रूपक म्हणजे जादू नव्हे. नैराश्य म्हटले की डोक्यावर काळा ढग आणि काळजी म्हटली की मेंदूत गुंता, ही चित्रे आता इतकी झिजली आहेत की ती दिसली की मी पान उलटते.)

दवाखान्यातही शब्द आणि चित्र एकत्र भेटतात. वेदना मोजण्यासाठी, मुख्यतः लहान मुलांसाठी, वापरली जाणारी सहा चेहऱ्यांची पट्टी अनेकांनी पाहिली असेल. शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी रडणारा. तिथे चेहऱ्याने आकड्याशी सहमत असलेच पाहिजे, नाहीतर ती पट्टी निरुपयोगी ठरेल. पण दुखते आहे आणि तरी भेटायला आलेल्यांसमोर हसावे लागते आहे, अशा माणसाने कोणत्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे? चित्रकथेत त्याला ओठांवर हसू देता येते, संवादाच्या फुग्यात 'बरा आहे' म्हणू देता येते, आणि पांघरुणाखाली आवळलेली मूठही दाखवता येते. तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत मावतात आणि कोणतीही खोटी ठरत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत अवघड वाटतो तो शब्दांनी बाजूला होण्याचा क्षण. अमेरिकी व्यंगचित्रकार रॉझ चास्ट यांचे आईवडिलांच्या वार्धक्यावरचे पुस्तक २०१४ साली आले. 'कान्ट वी टॉक अबाउट समथिंग मोअर प्लेझंट?' हे त्याचे शीर्षकच मुळी 'जरा बऱ्या विषयावर बोलू या ना' अशी कुरकुर आहे. पाने बोलण्याने गजबजलेली आहेत: हाताने लिहिलेला मजकूर, ओरडणारी अक्षरे, खदखदणारी चित्रे. आई तापट, हुकमी आवाजाची. आणि शेवटी तिच्या अखेरच्या दिवसांतली रेखाटने येतात. त्यांत व्यंगचित्राची थरथरती, मिस्कील रेघ नाही आणि शब्द जवळजवळ नाहीत. समोर बसून, पाहून काढलेला आईचा चेहरा आहे. पहिल्या वाचनात ही पाने मी भराभर उलटली, कारण वाचायला फारसे काही नव्हते. दुसऱ्या वेळी लक्षात आले, की प्रत्येक पानावर माझी नजर आधी तिच्या डोक्याच्या वरच्या कोऱ्या जागेकडे जात होती, फुगा शोधायला.