नामंजूर राजीनामा

गोपाळ गणेश आगरकरांनी देवाधर्माला प्रश्न विचारले, तेव्हा पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. नास्तिकाची त्या काळी एवढी तरी दखल घेतली जात असे. मी महाविद्यालयात असताना ईश्वर मानत नसल्याचे घरी जाहीर केले, तेव्हा आई म्हणाली, "बरं. नास्तिक झालास म्हणून हात मोडले नाहीत ना? मग समया घासून ठेव."

धर्म सोडायचा म्हणजे रीतसर राजीनामा द्यायचा, अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु तो नेमका कोणाकडे द्यावा, हेच कळेना. ज्या धर्मात भरतीचीच नोंदवही नाही, त्यातून नाव कमी कोण करणार? तत्त्वज्ञानाचा आधार घ्यावा, तर तिथे चार्वाक आधीच ठाण मांडून बसलेले, शिवाय सांख्य आणि मीमांसक हे जगन्नियंत्या ईश्वरावाचूनच आपला संसार चालवणारे. म्हणजे बंड केले तरी ते घराण्याच्या परंपरेतच जमा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा काढून पाहिला, तर त्यात मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नसलेल्या माणसाला, तो हिंदू कायद्याबाहेरचा असल्याचे सिद्ध होईपर्यंत, हिंदूंच्याच पंक्तीला बसवलेले. थोडी धुगधुगी वाटली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे. कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि 'मला कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी तो निकाल मोठ्या उत्साहाने मावशीला समजावून सांगितला. "अरे, कोर्टाने धर्म सांगू नकोस म्हटलंय," ती म्हणाली, "पूजेला बसू नकोस असं कुठे म्हटलंय?"

बाबांचे गुडघे दुखू लागल्यापासून श्रावणातल्या सत्यनारायणाला सपत्नीक मांडी घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. थोरला मुलगा मीच असल्यामुळे माझ्या मतांचा प्रश्न उद्भवत नाही. यंदा गुरुजींनी संकल्पासाठी गोत्र विचारले, तेव्हा मी तत्त्वाला जागून "मी गोत्र मानत नाही" असे बाणेदारपणे सांगितले. "हरकत नाही, काश्यप म्हणा," गुरुजी शांतपणे म्हणाले. गोत्र ठाऊक नसलेल्याला काश्यप गोत्र देण्याची सोय शास्त्रकारांनी आधीच करून ठेवलेली आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वसिष्ठ! आणि त्याच्याकडे लक्ष देऊ नका." पुढे मी पळीने पाणी सोडत राहिलो आणि गुरुजींनी सकुटुंब, सपरिवार अशा आमच्या सर्वांसाठी आयुरारोग्य व ऐश्वर्य मागून घेतले, त्यातून मला वगळावे, ही सूचना करण्याइतके संस्कृत मला येत नाही.

कथा सुरू झाली, तेव्हा मामा मोबाईलवर शेअरचे भाव पाहत होते, वहिनी चौरंगाचे छायाचित्र नातलगांना पाठवत होती आणि काका भिंतीला टेकून पहिल्याच अध्यायात झोपी गेले होते. खोट शोधण्याच्या हेतूने का होईना, पाचही अध्याय कान देऊन ऐकणारा श्रोता मी एकटाच होतो. साधुवाणी नवस बोलतो, मुलगी झाल्यावर तो फेडणे तिच्या लग्नापर्यंत लांबवतो, लग्नानंतर विसरतो, म्हणून जावयासह तुरुंगात जातो, इथवर कार्यकारणभाव कसाबसा लागतो. पण कलावती नवऱ्याच्या ओढीने प्रसाद टाकून धावते आणि नौकेसह बुडतो तो बिचारा जावई! आरती झाल्यावर मी गुरुजींना विचारले, "प्रसाद बायकोने टाकला, मग त्याचा काय अपराध?"

गुरुजींनी उपरणे सारखे केले आणि माझ्याकडे प्रथमच कौतुकाने पाहिले. "इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिथपर्यंत कोणी जागंच नसतं हो." उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. माझ्या पत्नीने आपल्या द्रोणातला शिरा संपवला आहे ना, याची मी तेवढी खात्री करून घेतली.

दक्षिणा कनवटीला लावून निघताना गुरुजींनी दारातूनच आईला बजावले, "पुढच्या वर्षीही यांनाच बसवा. असा श्रद्धाळू यजमान हल्ली मिळत नाही."