‘लिंक सोडा, चुका नंतर दुरुस्त करा’: ऑनलाइन सर्व्हेच्या व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

प्रकल्पाचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला हटकून फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर असाच असतो: ‘गुगल फॉर्म पाच मिनिटांत बनतो. चाचणीबिचणीच्या भानगडीत पडू नका, लिंक ग्रुपवर सोडा. चूक सापडली तर नंतर एडिट करता येते. सगळे प्रश्न रिक्वायर्ड (सक्तीचे) ठेवा, म्हणजे माहिती अर्धवट येत नाही. दोन हजार रिस्पॉन्स आले की सर्व्हे कुणी खोडू शकत नाही.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्यांचं एकेक करून बघू. उदाहरण म्हणून सांगली जिल्ह्यातल्या, विशेषतः तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांचा सर्व्हे धरू.

‘चाचणीच्या भानगडीत पडू नका’

फॉर्ममध्ये साधा प्रश्न आहे: ‘बागेचं क्षेत्र किती?’ उत्तर येतं 1.20. आता हे काय समजायचं? सातबारा बघून लिहिणाऱ्यासाठी ते 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. बोलीतल्या हिशेबाने लिहिणाऱ्यासाठी एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यासाठी 1.2 एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. तिघांनीही खरंच लिहिलंय, आणि उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये तिन्ही एकसारखी दिसतात.

‘छाटणी कधी केली?’ याचंही तेच. एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी? ‘दर काय मिळाला?’ असं विचारलं आणि ‘200’ असं उत्तर आलं, तर ते किलोला की चार किलोच्या पेटीला? फॉर्म बनवणाऱ्याला या खाचा दिसत नाहीत, कारण त्याच्या डोक्यात एकच अर्थ असतो. त्यामुळे स्वतःच दहा वेळा भरून पाहण्याला चाचणी म्हणत नाहीत.

चाचणी अशी करावी. सर्व्हेशी संबंध नसलेले, पण उत्तर देणाऱ्यांपैकीच असलेले पाच-सहा जण घ्या. फॉर्म त्यांच्याच मोबाइलवर उघडायला लावा. प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘यात तुम्हाला काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ आपण समजावून सांगायचं नाही. समजवावं लागलं तिथे प्रश्न फसलेला आहे. मग क्षेत्रासाठी दोन वेगळ्या चौकटी करा, एक एकराची आणि एक गुंठ्यांची. गुंठ्यांच्या चौकटीला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावून 0 ते 39 ची मर्यादा घाला. दराच्या प्रश्नातच ‘एका किलोला सरासरी किती रुपये’ असं लिहा.

त्यानंतर वीस-पंचवीस जणांकडून फॉर्म भरून घ्या आणि लगेच शीट उघडून अहवालातला एक तक्ता खरोखर मांडून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तालुक्याला मोकळी चौकट दिली असेल, तर कवठेमहांकाळची चार स्पेलिंगं इथेच सापडतात. तालुक्याच्या जागी त्यातल्या मुख्य गावाचं नाव लिहिलेलंही सापडतं: वाळव्याऐवजी ‘इस्लामपूर’, खानापूरऐवजी ‘विटा’. जिल्ह्यात तालुके दहाच आहेत. ड्रॉपडाउन द्या आणि मोकळे व्हा. देवनागरी आकडे टाइप करून त्यांची शीटमध्ये बेरीज होते का तेही बघा. फाइल एक्सेलमध्ये उघडणार असाल तर ‘10-12’ सारख्या उत्तरांवर नजर ठेवा. एक्सेल त्याची बिनदिक्कत तारीख करून टाकतं.

‘लिंक ग्रुपवर सोडा’

कोणती लिंक? ब्राउझरच्या पट्टीतून उचललेली लिंक बहुतेक वेळा एडिटची असते. ती उघडणाऱ्याला परवानगी मागावी लागते आणि तुमचा मेल विनंत्यांनी भरतो. एडिटचा हक्क सगळ्यांना खुला ठेवला असेल, तर कुणीही प्रश्न पुसू शकतो. भरणाऱ्यांसाठीची लिंक पब्लिश केल्यावर मिळते, तीच पाठवायची.

कॉलेजच्या किंवा संस्थेच्या खात्यावरून फॉर्म बनवलात तर आणखी एक गोम असते. उत्तर देण्याचा हक्क पुष्कळदा फक्त त्या संस्थेच्या खात्यांपुरता असतो. तुमच्या मोबाइलवर फॉर्म व्यवस्थित उघडतो, सावळजच्या शेतकऱ्याला मात्र तो दारच दाखवतो. म्हणून लिंक आधी इन्कॉग्निटो विंडोत, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता उघडा. ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ हा पर्याय चालू असेल किंवा फोटो अपलोड करायला सांगितला असेल, तरी गुगल लॉगिन मागितलं जातं. ज्याला ईमेलचा पासवर्ड आठवत नाही तो तिथूनच परत फिरतो.

फांद्यांचे प्रश्न, म्हणजे उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलणारे प्रश्न असतील, तर प्रत्येक वाट चालून बघा. ‘बेदाणा करता का?’ याला ‘हो’ म्हटलं की बेदाण्याचं सेक्शन, ‘नाही’ म्हटलं की ताज्या मालाचं, असं ठरवलंत. पण बेदाण्याच्या सेक्शनच्या शेवटी पुढे कुठे जायचं हे सांगितलं नसेल, तर गुगल फॉर्म आपोआप पुढच्या सेक्शनवर जातो. म्हणजे बेदाणेवाल्याला ताज्या मालाचेही प्रश्न येतात. फॉर्मचा सारांश उत्तर देणाऱ्यांना दाखवणारी सेटिंग बंद आहे ना, हेही बघा. ती चालू राहिली तर मोकळ्या चौकटीत लिहिलेले मोबाइल नंबर पुढच्या माणसाला वाचता येतात.

चाचणीच्या नोंदी पुसताना त्या दोन ठिकाणच्या पुसायच्या. शीटमधली ओळ काढली तरी फॉर्मच्या सारांशात ते उत्तर राहतंच.

‘नंतर एडिट करता येते’

येते. फॉर्म एडिट होतो, आलेली उत्तरं होत नाहीत. सल्ल्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच आहे.

समजा दीडशे उत्तरं आल्यावर तुम्ही ‘छाटणी कधी केली?’ बदलून ‘फळछाटणी कधी केली?’ केलंत. शीटमधल्या रकान्याचं शीर्षक बदलतं आणि त्याखाली जुनी दीडशे उत्तरं तशीच राहतात. त्यातली काही एप्रिलच्या छाटणीची आहेत, आणि महिन्याभरानंतर ती कोणती हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पर्यायाचं शुद्धलेखन सुधारणंसुद्धा निरुपद्रवी नाही. ‘कवठे महांकाळ’मधली मधली जागा काढलीत की जुनी उत्तरं जुन्या नावाने आणि नवी नव्या नावाने मोजली जातात.

मग काय करायचं? प्रश्नातली वेलांटी चुकली असेल तर खुशाल दुरुस्त करा. अर्थ बदलत असेल तर जुना प्रश्न बदलू नका. तो फॉर्ममधून काढा आणि नवा प्रश्न घाला. शीटमध्ये जुना रकाना राहतो, नव्या प्रश्नाला वेगळा रकाना मिळतो. पण आधी उत्तरांची एक प्रत उतरवून ठेवा आणि बदलाची तारीख-वेळ वहीत लिहा, म्हणजे टाइमस्टॅम्पवरून (प्रत्येक उत्तरासोबत नोंदलेल्या वेळेवरून) आधीची आणि नंतरची उत्तरं वेगळी काढता येतात. दोन-तीन प्रश्नांचा अर्थ बदलणार असेल तर फॉर्मची प्रत काढून नवी लिंक द्या. जुन्या फॉर्मवर उत्तरं घेणं बंद करा आणि तिथल्या संदेशात नवी लिंक टाका, कारण ग्रुपमध्ये फॉरवर्ड झालेली जुनी लिंक परत बोलावता येत नाही.

गावोगाव फिरून माहिती घेणार असाल तर कोबोटूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन यासाठी बरं. तिथे बदललेला फॉर्म पुन्हा डिप्लॉय केला, म्हणजे वापरासाठी खुला केला, की प्रत्येक नोंदीसोबत आवृत्तीची खूण येते. पर्यायाचं दिसणारं नाव बदला, मागचा कोड मात्र बदलू नका. आणि सर्वेक्षकांच्या मोबाइलवर नवी आवृत्ती उतरली आहे का, हे सकाळी निघण्याआधी तपासा.

‘सगळे प्रश्न रिक्वायर्ड ठेवा’

अर्धवट माहिती येत नाही हे खरं, कारण मग ती मुळीच येत नाही. कर्जाची रक्कम सांगायची नसलेला माणूस शून्य टाकतो, टिंब देतो किंवा फॉर्म बंद करतो. आणि बंद करून गेलेल्याचा गुगल फॉर्ममध्ये मागमूस राहत नाही. संमती, तालुका आणि वाट ठरवणारा प्रश्न एवढेच रिक्वायर्ड ठेवा. बाकी ठिकाणी ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे दोन वेगळे पर्याय द्या.

‘दोन हजार रिस्पॉन्स आले की…’

अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. 48 पैकी 46 राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते, आणि मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी कुणाकडे असणार? शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवली आणि ज्यांनी नाही, त्यांची मतंही सारखी नव्हती.

आपली यादी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. द्राक्षाच्या ग्रुपमध्ये औषधांचं वेळापत्रक विचारणारा, निर्यातीची माहिती ठेवणारा बागायतदार जास्त बोलतो. बाग वाट्याने करणारा तिथे नसतोच. म्हणून फॉर्म बंद करण्याआधी तालुकावार उत्तरं मोजा आणि त्या त्या तालुक्यातल्या लागवडीच्या क्षेत्राशी ताडून बघा. कमी पडलेल्या गावांत फोन करून किंवा जाऊन भरून घ्या. तेही जमलं नाही आणि दोन हजारांत जतची उत्तरं अकराच असतील, तर अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘सांगली जिल्हा’ असं छापू नका. उत्तरं ज्या ग्रुपांमधून आली, त्यांचं वर्णन छापा.