दर दुसरा श्वास समुद्राचा? तेवढं सोपं नाही

जागतिक महासागर दिन आला की एक मजकूर हमखास फिरतो: “आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो. तिथल्या सूक्ष्म वनस्पती आणि प्रवाळ मेले, तर माणूस गुदमरून मरेल.” हेतू चांगला, पण विज्ञान अर्धंमुर्धं.

“निम्मा ऑक्सिजन समुद्रात तयार होतो.” हे खरं आहे. मात्र तो करणारे सगळे वनस्पती नव्हेत. त्यातला मोठा वाटेकरी प्रोक्लोरोकॉकस हा चक्क जिवाणू आहे, आणि तो १९८०च्या दशकापर्यंत कुणाला माहीतही नव्हता.

“तोच आपल्या छातीत जातो.” इथे खरी गफलत आहे. लिटरभर समुद्रपाण्यात साधारण १०० कोटी जिवाणू असतात आणि त्यांनाही श्वास लागतो. समुद्रात तयार झालेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातच खर्च होतो. आपला अरबी समुद्रच घ्या. सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात, वरून पडणारे अवशेष कुजवता कुजवता जिवाणूंनी ऑक्सिजन जवळपास संपवलेला असतो. पावसाळ्यात हे खालचं पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यातल्या पोषकद्रव्यांवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात, मरतात, कुजतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उथळ समुद्राच्या तळाशीसुद्धा ऑक्सिजनची बोंब असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलंय. प्लवक जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, हे गणित तिथे उलटं पडतं.

“प्रवाळ म्हणजे ऑक्सिजनचे कारखाने.” प्रवाळ हे वसाहतीनं राहणारे प्राणी. दिवसा त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळं ऑक्सिजन सोडतात, पण दिवसरात्र मिळून सगळी वसाहत जवळपास तेवढाच वापरते. शेवाळांचं खरं देणं म्हणजे साखर. प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावरच भरतं. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते, शेवाळं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. तेव्हा ते मेलेले नसतात, उपाशी असतात. पाणी वेळेत निवलं तर सावरतातही.

“गुदमरून मरू.” नाही. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. जे सेंद्रिय अवशेष न कुजता गाळात पुरले गेले, त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन हवेत उरला. उद्या जगभरचं प्रकाशसंश्लेषण थांबलं आणि सगळी जीवसृष्टी कुजून गेली, तरी त्यातला एक टक्काही संपणार नाही. प्लवक मेले तर श्वास कोंडण्याच्या कितीतरी आधी कोळ्यांची जाळी रिकामी येतील, कारण बांगड्यापासून सुरमईपर्यंत सगळ्यांचं अन्न शेवटी या प्लवकांपासूनच सुरू होतं.