बाईंबद्दल राहून गेलेलं थोडंसं

आमच्या मुख्याध्यापिका बाईंवरचा लेख वाचला. छान आहे, पण दहावीचे निकाल आणि पुरस्कार यांनीच अर्धी जागा खाल्लीय. समाजकार्य मात्र 'निवृत्तीनंतरचा विरंगुळा' म्हणून एका ओळीत आटोपलंय. निवृत्तीनंतरचा कसला?

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळची पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली, तेव्हा बाई कॉलेजात होत्या. आमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड त्या पुरात गेलं. आजी सांगायची, दुसऱ्या दिवशी दोन वेण्यांची एक मुलगी भाकऱ्यांची चवड घेऊन आली आणि आधी घरातली माणसं मोजून मगच भाकऱ्या देत होती. (शिस्त तेव्हापासूनच!) पुढे आम्ही गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेलो. माझ्या शाळाप्रवेशाच्या वेळी आजीनं केबिनमध्ये बाईंना ओळखलं आणि दोघी फॉर्म बाजूला ठेवून बोलत बसल्या.

फी थकली की बाई वर्गात कधी नाव पुकारायच्या नाहीत. आमची दोन सहामाह्यांची कुणी भरली, ते घरी आजतागायत कळलेलं नाही. मला अंदाज आहे.

आता ऐंशी ओलांडली, तरी अनंत चतुर्दशीला ओंकारेश्वराच्या घाटावर निर्माल्य कलशापाशी खुर्ची टाकून बसतात. गेल्या वर्षी एक टकले गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य नदीत भिरकावणार, इतक्यात मागून आवाज आला, "अरे, तू 'क' तुकडीतला ना?" गृहस्थ पिशवी घेऊन निमूट परत फिरले.

ते गृहस्थ म्हणजे मीच.