मीठ, तुरटी, कांदा आणि रंगकाम: एका फॉरवर्डला उत्तर

परवा मावशीनं फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘पेंटर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत अशा सहा गोष्टी’. वर स्वतःची ओळ, ‘किती उपयुक्त माहिती!’ खाली अंगठ्यांची रांग. दिवाळीआधी तिला डोंबिवलीचा फ्लॅट रंगवून घ्यायचाय आणि मावसबहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. जुना ऑइलपेंट कोरडाच घासून काढा आणि धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवा. ओल आलेल्या भिंतीला मीठ-तुरटीचं पाणी मारा. खोलीत कापलेला कांदा ठेवा, तो रंगातलं विष ओढून घेतो. फर्निचरवर रद्दी पुरे. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा हात, अनावश्यक. पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करायला रंगाआधी भरतात तो लेप, ही तर लूट.

घासण्याचं आधी बोलू. बाकीचे सल्ले ऐकून फार तर पैसे वाया जातील, इथे तसं नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं १ नोव्हेंबर २०१६ला अधिसूचित केले आणि ते वर्षभरानं लागू झाले. म्हणजे मावशीच्या दारांवर, खिडक्यांच्या ग्रिलवर, स्वयंपाकघरातल्या खालच्या पट्ट्यावर त्याआधी जे थरावर थर चढले, त्यांना ही मर्यादा नव्हतीच. त्यात शिसं असेलच असं नाही, पण नुसतं बघून ते कळत नाही.

आता तोच थर बंद खोलीत कोरडा घासा. पिठासारखी बारीक धूळ गादीवर, पडद्यावर, फरशीच्या सांध्यात बसते. पुढे बाळ रांगायला लागलं की तोच हात तोंडात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं वारेतून गर्भापर्यंत पोचतं. आणि मेसेज म्हणतो, खिडक्या बंद ठेवा! शेजाऱ्यांची केवढी ती काळजी.

थर घट्ट असेल तर तो खरवडायचाच कशाला? पाण्याचा फवारा मारून वॉटर पेपरनं, म्हणजे ओल्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरनं, वरची चकाकी मोडायची आणि त्यावर रंग. पोपडे सुटत असतील तेवढेच ओले करून काढा, खाली प्लास्टिक अंथरा आणि सगळं गुंडाळून पिशवीत बांधून टाका. नंतर झाडू अजिबात नको, ओलं फडकं फिरवा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, घासणाऱ्याला एन-९५ मास्क द्या. आणि हे सगळं आवरेपर्यंत मावसबहिणीला सरळ दुसऱ्या घरी पाठवा.

मीठ-तुरटीवर खरं तर हसायला हवं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे ज्या घरात माहीत आहे, त्याच घरात भिंतीला मीठ पाजायचं? मीठ हवेतलं पाणी ओढतं. भिंतीवर खार फुटतो तोही क्षारांमुळेच, त्यात आपण आणखी भर घालायची. ओल येते ती बाहेरच्या भेगेतून, बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यातून किंवा वरच्या फ्लॅटच्या पाइपातून. ते बुजवल्याशिवाय कुठलाही रंग टिकणार नाही. भिंत सुकली का, हे बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पेंटरला परत पाठवा.

कांद्याबद्दल काय लिहू? रंगातली रसायनं हवेत उडतात, ती वाऱ्यानं बाहेर जातात. खिडक्या उघडा, पंखा लावा. कांदा भाजीत घाला.

रद्दीवर ओला रंग पडला की तो खालच्या सनमायकापर्यंत झिरपतो. प्लास्टिकची शीट आणा, स्विचबोर्डांना मास्किंग टेप लावा, विषय संपला. प्रायमरचं सांगायचं तर नवीन प्लास्टर, नवी पुट्टी किंवा भुकटी सुटणारा जुना चुना-डिस्टेंपर यांवर तो लागतोच. नाहीतर रंग कुठे शोषला जातो, कुठे तरंगतो आणि भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसते.

राहिली पुट्टी. इथे मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. चांगल्या भिंतीवरही सरसकट पुट्टी भरून दोन थरांचं बिल लावणारे पेंटर आहेत. म्हणून कोटेशन घेतानाच पेंटरला सोबत घेऊन भिंतीवरून ओला हात फिरवा, सुरीच्या टोकानं जुना थर उचकटून बघा. हाताला भुकटी लागली, थर सुटला किंवा चीर दिसली, तिथे पेन्सिलीनं खूण करायची. आधी सुटलेलं ओलं करून काढायचं, मग तेवढ्याच जागी पुट्टी, ती घासून प्रायमर. बाकीची भिंत धुऊन, ओलीच हलकी घासून थेट रंगाला घ्या, आणि कोटेशनमध्ये पुट्टीचे चौरस फूट वेगळे लिहून मागा.