काकांचा रिकामा हात

मोटरसायकलच्या टॅपेटचं माप, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह (झडपा) आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातली फट, थंड इंजिनवरच घ्यायचं असतं. म्हणजे गाडी रात्रभर उभी हवी, सकाळी किकसुद्धा मारलेली नको. त्यामुळे घरी सर्व्हिसिंग करायचं तर क्रम ठरलेला: आधी टॅपेट, मग इंजिन चार-पाच मिनिटं चालवून गरम करायचं, मग ऑइल. हा क्रम उलटा लागला, तर ऑइलसाठी तापवलेलं इंजिन निवण्याची वाट बघत अर्धा दिवस बसावं लागतं. मी क्रम बरोबर लावला होता. तरी अर्धा दिवस बसलो, कारण शेजारच्या काकांना दोन हात आहेत.

काकांना धड गाडीत रस नसतो. ती उघडलेली दिसली की येतात. टाकी उतरली, प्लग निघाला, सिलिंडर हेडवरच्या टॅपेटच्या दोन टोप्या निघाल्या, मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या) कव्हरवरची छोटी खिडकी उघडली, तोवर ते पाठीशी येऊन उभे होतेच.

कव्हरच्या स्क्रूंबद्दल मनात बरंच साठलंय, ते आत्ताच सांगून टाकतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखेच असतात, पण असतात जपानी मापाचे, जेआयएस. फिलिप्सचं टोक त्यांच्या तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की उसळून वर येतं आणि फुलीचा गोल खड्डा होतो. मग आपण म्हणतो, स्क्रू गंजलाय. बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, मुठीवर हातोडीचा एक ठोका द्या, मग फिरवा. मी हे तीन स्क्रू मारल्यानंतर शिकलो.

तर टॅपेट. पिस्टन सगळ्यात वर आणायचा आणि तोही कॉम्प्रेशनच्या फेरीला. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. त्यातल्या चुकीच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, मग माप घेण्यात काही अर्थ नाही. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा. हवा अंगठा ढकलू लागली की ती फेरी बरोबर. मग फ्लायव्हीलवरची टी खूण खिडकीच्या खाचेसमोर आणायची आणि दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचे. दोन्ही जरासे खुळखुळले पाहिजेत. क्रँक, म्हणजे पिस्टनला वर-खाली नेणारा दांडा, फिरवायची सोपी युक्ती अशी की गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, वरचा गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. प्लग काढलेला असल्याने लोण्यासारखी फिरते.

"काका, जरा टॉर्च धरता का खिडकीत?"

"धरतो ना. काय बघायचंय?"

"टी अक्षर. फ्लायव्हीलवर कोरलेलं."

"एफ दिसतोय."

"एफ नको, ती ठिणगीची खूण. अजून थोडं पुढे."

"आला टी. पण मग एफ कशाला ठेवलाय?"

मी सांगू लागलो की ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधीच द्यावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. सांगता सांगता मला दिसेनासं झालं. काका ज्याच्याशी बोलतात त्याच्याकडे बघतात आणि जिकडे बघतात तिकडे त्यांचा टॉर्च जातो. पुढची पाच मिनिटं प्रज्वलनशास्त्रातल्या त्यांच्या शंकांचं निरसन मी डोळे मिटून केलं.

इनलेटचं, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं, माप झालं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच इंजिनांत ही फट ०.०८ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे साध्या कागदाहून पातळ. आपल्या गाडीचा आकडा मात्र मॅन्युअलमध्येच बघावा. आणि इथेच माझं डोकं फिरतं. मालकाला जी पुस्तिका देतात, तिच्यात हेल्मेटचा पट्टा कसा बांधावा याला पानभर जागा असते आणि टॅपेटपाशी आलं की बऱ्याचदा एकच ओळ: अधिकृत केंद्रात दाखवा. गाडी माझी, पैसे माझे, फट तेवढी त्यांची! एक आकडा छापायला किती शाई लागते?

असो. फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातली) ०.०८ची पाती किंचित अडकत सरकली पाहिजे, ०.१०ची जाता कामा नये. लॉकनट आवळताना आतला स्क्रूही थोडा फिरतो आणि फट कमी होते, म्हणून स्क्रू धरून ठेवायचा आणि आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायची.

मी एक्झॉस्टकडे, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे, वळलो. तिथे टॉर्चची गरज नव्हती आणि काकांचे दोन्ही हात रिकामे झाले होते.

"हे बघ," काकांनी तळहात पुढे केला. त्यावर हरभऱ्याएवढा खडा होता. "टायरच्या खाचेत रुतला होता. खाली होता, जरा वर घेऊन काढला."

आणि मी त्यांना "बरं झालं" म्हणालो. हे मला अजून सहन होत नाही.

वरच्या गिअरमध्ये चाक एकदा फिरलं की क्रँक आठ-दहा वेळा फिरते. म्हणजे खडा वर घ्यायला चाक चार बोटं सरकवलं, तरी क्रँक अर्ध्या फेऱ्याच्या जवळ जाते आणि तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. पाती आत जाईना. मला वाटलं, टॅपेट भलताच घट्ट झालाय, बरं झालं वेळेवर गाडी उघडली. स्क्रू पाऊण फेरा सैल केला तेव्हा कुठे पाती बसली. स्क्रू हाताला जड लागत होता, कारण मी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगशी झटत होतो. तिथेच थांबून खूण बघायला हवी होती, रॉकर पुन्हा हलवायला हवे होते, हे मान्य. पण खडा कुणी काढायला सांगितला होता?

सगळं जोडलं, किक मारली. आत कुणीतरी पत्र्यावर अर्ज टाइप करत बसल्यासारखा आवाज.

"टॅपेट वाजतोय," काका म्हणाले. "काल नव्हता वाजत."

काल नव्हता हे खरं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

"एकदम आवळून टाक. आवाजच बंद."

हा सल्ला गाडीइतकाच जुना आहे आणि वाईट आहे. फट उरली नाही, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एरवी तो आपली बरीच उष्णता सीटला टेकून देतो. ते टेकणंच बंद झालं की जळते वायू फटीतून निसटतात, व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी सकाळी किकला दाद देत नाही. वाजणारा टॅपेट निदान बोंब मारतो. मुका टॅपेट गुपचूप हेड उतरवायला लावतो.

इंजिन गरम झालंच होतं, म्हणून ऑइल काढून घेतलं. काकांनी त्यात बोट बुडवून ते काळं असल्याचं जाहीर केलं. काळं होणारच, आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातला. बोल्ट आधी बोटांनी टेकेपर्यंत, मग साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, कारण खालचे आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदा गेले की गेले. नवं ऑइल १०डब्ल्यू-३०, जासो एमए शिक्क्याचं, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं. कारचं ऑइल ओतू नये. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात.

मग इंजिन हाताला गार लागायची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसलो.

या खेपेला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि मॅग्नेटोच्या नटाला पाना लावून क्रँक फिरवली. न्यूट्रलमध्ये मागचं चाक कुणी कितीही फिरवलं तरी क्रँक जागची हलत नाही. एक्झॉस्टची फट आता एवढी होती की ०.३०ची पाती न अडकता गेली. ती नीट बसवत होतो तेवढ्यात काका आले, चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ते मनसोक्त गरागरा फिरवलं. मी काहीच बोललो नाही. टी जागेवर होता.

"चेन सैल आहे," काका म्हणाले.

पट्टी लावून मोजली. चाळीस मिलिमीटर. हवी होती पंचवीस.