फ्रॉक पुढून लांब का आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

शिवणाचा सुटलेला हात पुन्हा बसवायचा असेल तर घरच्यांचे कपडे शिवायला घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरची माणसं प्रेमापोटी कशालाही छान म्हणतात, त्यामुळे त्यातून येणारा विश्वास पोकळ असतो. आधी क्लास करावा, जुन्या चादरींवर सराव करावा, मग माणसांचे कपडे बेतावेत. माझ्या पुतणीच्या फ्रॉकचा घेर फोटोत पुढून खाली उतरलाय, म्हणजे बेतण्यातच गफलत आहे. आणि तसा फ्रॉक बाजारात याहून स्वस्त मिळतो.

फ्रॉकचं आधी सांगते. तो पुढून मुद्दाम लांब ठेवलाय. तीन वर्षांच्या मुलीला कंबर अशी नसतेच, छाती आणि पोट जवळपास एका मापाचं असतं आणि पोट पुढे आलेलं असतं. पुढचा आणि मागचा भाग एकाच उंचीचा कापला तर पोटावर कापड उचललं जातं आणि फ्रॉक पुढून आखूड दिसतो. म्हणून पुढच्या भागाला मध्यावर पाऊण इंच जास्त दिलं आणि बाजूच्या शिवणीपर्यंत ते कमी करत नेलं. पलंगावर पसरून काढलेल्या फोटोत तो भाग उतरलेला दिसणारच. मुलीच्या अंगावर घेर सरळ पडतो. गळ्याचंही तसंच. या वयात डोक्याचा घेर 19-20 इंच असतो आणि मान असते एवढीशी. गळा मापात ठेवला तर डोकं जात नाही, डोकं जाईल एवढा कापला तर खांद्यावरून घसरतो. पाठीवर चीर देऊन वर एक बटण लावलं की दोन्ही साधतं.

मीही क्लास केलाय. तिथे छातीचा चौथा भाग, ढिलाई, टक्स (कपडा अंगाला बसावा म्हणून घालायच्या चुण्या) हे सगळं पक्कं करून घेतलं होतं आणि ते आजही उपयोगी पडतं. पण पुढे नोकरी आणि मुलांच्या धबडग्यात मशीन कित्येक वर्षं झाकलेलं राहिलं. परत बसले तेव्हा सूत्रं पाठ होती, पण कापडावर कात्री ठेवायचा धीर होईना. जुन्या चादरीवर मी भरपूर टिपा मारल्या. टीप सरळ येते का, एवढं त्यात कळतं. पण चादरीचा तो तुकडा कुणी अंगात घालत नाही, धूत नाही, त्यात खेळत नाही. त्यामुळे आपलं जमलं की नाही हे तो कधीच सांगत नाही.

प्रेमापोटी होणाऱ्या कौतुकाबद्दल तुमचं बरोबर आहे. सासूबाई तोंडावर ‘छान झालाय’ म्हणतातच. मी ते धरत नाही, मी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते. जो गाऊन सारखा दोरीवर दिसतो तो जमला. कपाटात घडी होऊन राहिला, तर तो कुठेतरी अडतोय. त्यांचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. पहिल्या गाऊनला सगळ्यांच्या सल्ल्याने मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, चांगला खोल ठेवला होता, आणि तोच कपाटात पडून राहिला. मुंढा खोल असला की बाही अंगाला खाली जोडली जाते, मग हात जरा उचलला तरी सगळा गाऊन वर ओढला जातो. पुढच्या वेळी मुंढा काखेजवळ वर घेतला, बाही रुंद ठेवली आणि बगलेत चौकोनी तुकडा घातला, जुन्या कळीदार सदऱ्यांना असायचा तसा. शिवाय पुढून बटणं, म्हणजे डोक्यावरून घालायला नको. तो गाऊन आता दोन दिवसांआड धुण्यात असतो. माझ्या हाताला धीर आला तो यातून.

आणि लहान मूल तर भीडही ठेवत नाही. आतली शिवण टोचली की कपडा काढून फेकतं. म्हणून बाजूच्या शिवणी मी दोनदा घालते: आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलट अंगाने पाव इंचावर टीप, कडा बारीक कापायच्या, कापड उलटवून दुसरी टीप. सुटे धागे आत बंद होतात, ओव्हरलॉकची, म्हणजे कडा बांधायच्या मशीनची, गरज पडत नाही. ही शिवण पहिल्या धुण्यात टिकली की नाही, हे शिंप्याला किंवा क्लासच्या बाईंना कळायला मार्गच नसतो, कपडा त्यांच्याकडे परत येत नाही. माझ्याकडे तो आठवड्याला परत येतो. कुठे उसवला, कुठे आटला, गुडघ्यावर कुठे ताणला गेला, सगळं हातात दिसतं. आता सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्तरी करूनच बेतते. परकराला खाली रुंद दुमड ठेवते आणि पोर उंच झाली की उसवते.

मशीनचीही भीती अशीच गेली. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की पूर्वी मी बॉबिन उलगडत बसायचे. बहुतेकदा वरचा दोराच ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवला की काम होतं. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी, वायलला 11 नंबर, पॉपलिनला 14.

पैशांचं म्हणाल तर तयार फ्रॉक स्वस्तच पडतो, त्यावर वाद नाही. पण आखडलेल्या खांद्याचा गाऊन तयार मिळत नाही.

एका गोष्टीत मात्र तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. कॉलर आणि कफांचा शर्ट नुसता घरी करून बघून येत नाही, तिथे जाणत्या माणसाशेजारी बसायलाच हवं. तुम्ही बरीच वर्षं पुरुषांचे शर्ट शिवता असं लिहिलंय, म्हणून विचारते. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम आणि वरचं कापड धुतल्यावर वेगवेगळं आटतं आणि कॉलरला फुगे येतात. तुम्ही बकरम आधी भिजवून घेता, की इस्तरीने चिकटणारं वापरता? दिरांसाठी इचलकरंजीचं पॉपलिन आणून ठेवलंय, तुमचं उत्तर आलं की कापते.